आकडीची चित्रफीत कोठे ठेवावी?

बालकाची आकडी डॉक्टरांसमोर क्वचितच येते. १८४१ साली इंग्लंडमधील डॉ. वेस्ट यांनी स्वतःच्या मुलाला येणारे मान झुकविणारे झटके 'लॅन्सेट'ला पत्राने कळविले. त्यांच्यापाशी केवळ शब्द होते. आज सुदामा नगरातील आई भ्रमणध्वनीवर चित्रण करूनच आणते.

हे चित्रण दूरच्या तज्ज्ञाला दाखवावयाचे तर ठेवावे कोठे? व्हॉट्सॲपने नेहमीच्या रीतीने पाठविल्यास ते आकुंचित होऊन बारकावे पुसट होतात. २००५ पासूनचे यूट्यूब विनामूल्य व सर्वपरिचित. तेथे सार्वजनिक, असूचीबद्ध आणि खासगी असे तीन पर्याय असतात. असूचीबद्ध म्हणजे गुप्त, हा समज चुकीचा आहे. अशी चित्रफीत शोधात दिसत नाही, परंतु दुवा ज्याच्या हाती पडेल तो ती पाहू शकतो. आणि नातेवाइकांच्या गटात दुवा फिरावयास कितीसा वेळ लागतो? खासगी चित्रफीत मात्र आपण नेमलेल्या गूगल खात्यांनाच उघडते.

व्हिमिओवर सशुल्क योजनेत परवलीचा शब्द लावता येतो, शिवाय दुवा तोच ठेवून चित्रफीत बदलता येते. यूट्यूबवर ही सोय नाही. तथापि अर्ध्या मिनिटाच्या चित्रणासाठी वर्गणी भरावी, असे मला वाटत नाही. फ्रान्समधील डेलीमोशनची तर आधी तज्ज्ञांनाच ओळख करून द्यावी लागेल!

म्हणून मी 'खासगी' सुचवितो. चेहरा झाकू नये, कारण डोळ्यांची हालचाल पाहावी लागते. मात्र तेच मूल उद्या शाळेत जाणार आहे. तज्ज्ञांनी पाहताच चित्रफीत खात्यातून काढून टाकावी.