फाल्गुनांतील तलाव आणि मासळी

फाल्गुन लागला कीं भंडारा-गोंदियाकडील जुन्या मालगुजारी तलावांचें पाणी ओसरूं लागतें. भातशेतीसाठीं कोहळी लोकांनीं बांधलेले हे तलाव ढीवरांच्याही उपजीविकेचें साधन आहेत. पाणी आटतांच मासळी खोलगट भागांत एकवटते व थोड्या श्रमांत जाळें भरतें. पाणी तापूं लागलें म्हणजे त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. रात्रीं पाणवनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहांटे मासे वर येऊन धापा टाकतांना दिसतात. मरळ मासा मात्र हवेंतूनही श्वास घेतो व उथळ, गढूळ पाण्यांत तग धरतो. परंतु ही सुगी फसवी असते. या डबक्यांत उरलेलीच मासळी पावसाळ्यांत अंडीं घालते. ती आतांच निःशेष उपसली, तर पुढील वर्षीं जाळें रिकामेंच वर येणार.