टाकी मुळात होतीच कशाला?

दर वर्षी ३ डिसेंबरला भोपाळात स्थानिक सुट्टी असते आणि घरोघरी मुलं विचारतात, त्या रात्री नेमकं काय झालं? टाकीत पाणी शिरलं, वायू सुटला, असं आपण सांगतो. पण इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांनी त्याच्याही आधीचा प्रश्न विचारावा असं वाटतं: एवढा विषारी पदार्थ साठवून ठेवायची गरजच काय होती?

युनियन कार्बाइडच्या कारखान्यात सेविन हे कीटकनाशक बनायचं. त्याला तीन गोष्टी लागतात: अल्फा-नॅफ्थॉल, मिथाइलअमाइन आणि फॉसजीन. कोणती कोणात आधी घालायची, याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात फॉसजीन आणि मिथाइलअमाइन आधी एकत्र येतात, त्यातून मिथाइल आयसोसायनेट म्हणजे एमआयसी तयार होतं, आणि मग ते नॅफ्थॉलशी जोडलं जातं. दुसऱ्यात फॉसजीन आधी नॅफ्थॉलशी जोडतात आणि मिथाइलअमाइन शेवटी घालतात. माल तोच, पण वाटेत एमआयसी येतच नाही. इस्राएलमधल्या माख्तेशिम कंपनीने हाच मार्ग वापरला. दुसरा मार्ग निर्धोक होता असं मात्र नाही. फॉसजीन त्यातही आहेच.

कार्बाइडने पहिला मार्ग घेतला. सुरुवातीला एमआयसी अमेरिकेहून यायचं, १९८० च्या सुमारास ते इथेच बनू लागलं.

आता साठ्याचं. होळीला आपल्याकडे पुरण आदल्या रात्रीच शिजवून ठेवतात. सकाळी पोळ्या लाटणारीला थांबावं लागत नाही, आणि गॅस संपला तरी काम अडत नाही. कारखान्यात मधला माल साठवायचं कारण हेच: एक विभाग बंद पडला तरी पुढचा चालू राहावा. पुरण फार तर आंबतं. एमआयसी ३९ अंशांना उकळतं, म्हणजे भोपाळच्या मे महिन्यात सावलीतही, आणि पाण्याशी संयोग झाला की स्वतःच तापत जातं. म्हणून ते शून्य अंशांच्या आसपास थंड ठेवायचं असतं.

१९८४ च्या उन्हाळ्यापासून ती शीतकरण यंत्रणा बंद होती. ऑक्टोबरमध्ये एमआयसी बनवणंही थांबलं होतं. तरी ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन शिल्लक होतं. वायू जाळणारी ज्वाळा दुरुस्तीसाठी बंद होती. पाणी कसं शिरलं यावर आजही दोन पक्ष आहेत. टाकी भरलेली होती यावर मात्र कोणाचंही दुमत नाही.

ट्रेव्हर क्लेट्झ हे ब्रिटिश केमिकल इंजिनिअर १९७८ मध्येच लिहीत होते की, धोकादायक पदार्थ सांभाळायला आणखी झडपा आणि भोंगे लावण्यापेक्षा तो कमी ठेवा, शक्य तर ठेवूच नका. भोपाळनंतर हा विचार अभ्यासक्रमात आला. ड्यूपाँने टेक्ससमधल्या कारखान्यात एमआयसी बनताच पुढच्या टप्प्यात वापरून टाकणारी पद्धत आणली, त्यामुळे मोठ्या टाकीची गरजच उरली नाही.

भेलमध्ये नोकरी केलेल्या आपल्या काका-आजोबांना विचारा: मशीन निवडण्याआधी कामाचा क्रम ठरतो. क्रम एकदा पाइपांत आणि काँक्रीटमध्ये बसला की बदलणं फार महाग पडतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट गावात कार्बाइडचा असाच कारखाना होता. पुढे तो बायरकडे गेला. तिथलं एमआयसी बंद व्हायला २०११ साल उजाडलं.