दीड ग्रॅम साखरेचा हिशेब

सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरच्या खांडबाऱ्यात सहा वर्षांचं, २० किलो वजनाचं एखादं पोर आंब्यावरून डोक्यावर पडलं, असं समजू. किलोमागे ८० मिलीलीटर धरलं, तर त्याच्या अंगात रक्त १.६ लीटर. दर १०० मिलीलीटरमागे ९० मिलिग्रॅम या मानाने त्या सगळ्या रक्तात साखर दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा.

आता खर्च बघा. या वयात मेंदू उभ्या आयुष्यात नसतो इतका खादाड असतो. त्याला दिवसाकाठी सुमारे १५० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे रक्तातल्या साठ्याच्या शंभरपट! यकृताने भर घालणं थांबवलं, तर तो साठा एकट्या मेंदूलाही पाव तास पुरणार नाही.

डोक्याला जबर मार बसला की हे गणित उलटतं. अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल उसळतात, यकृत साखर मोकळी सोडतं, इन्शुलिनचं काही चालत नाही. मधुमेह नसलेल्या मुलाचाही आकडा २०० ओलांडतो. रक्तापुरतं बोलायचं, तर ही वाढ पावणेदोन ग्रॅमची. पण साखर २००च्या वर राहिलेल्या मुलांमध्ये मृत्यू आणि कायमचं अपंगत्व जास्त दिसतं, असं अनेक रुग्णालयांच्या नोंदी सांगतात. मार मोठा म्हणून साखर वाढते, हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की प्राणवायू कमी पडलेल्या पेशीत जादा ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल होतं आणि जखमेत भर पडते.

मग इन्शुलिन देऊन आकडा खाली ओढावा? २०१७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: ३५ केंद्रं, अतिदक्षता विभागातली ७१३ मुलं, नाना आजारांची. एका गटात साखर ८० ते ११०मध्ये ठेवली, दुसऱ्यात १५० ते १८०मध्ये. कडक गटाला फायदा झाला नाही. उलट साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण तिथे ५.२ टक्के, सैल गटात २ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. पाव तासाच्या शिदोरीवर चालणाऱ्या मेंदूला साखर घसरणं तर मुळीच झेपत नाही.

आणि इथेच आपली जुनी सवय आडवी येते. पोर निपचित पडलं की घरचे म्हणतात, ‘डॉक्टर, ग्लुकोज चढवा.’ पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लीटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. या मुलाच्या रक्तातल्या एकूण साखरेच्या सतरापट! शिवाय ग्लुकोज वापरलं गेलं की मागे उरतं नुसतं पाणी, त्याने मेंदूची सूज वाढते. म्हणून डोक्याच्या दुखापतीत सुरुवातीला साधं, मिठाचं सलाईन लावतात. साखर कमी आढळली तरच ग्लुकोज, तेही मोजून. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात साखरपाणी तर घालूच नये. ते श्वासनलिकेत जातं.

हे ठरवायला लागतं काय? ग्लुकोमीटरच्या पट्टीवर मिलीलीटरच्या हजाराव्या भागाएवढं रक्त, म्हणजे त्या मुलाच्या रक्ताचा सोळा लाखांतला एक हिस्सा. निकाल काही सेकंदांत. १०८ला फोन करून गाडीची वाट पाहताना नातेवाइकांनी बाटलीचा आग्रह सोडावा आणि दवाखान्यात पोचल्यावर एवढंच विचारावं: ‘साखर किती आली?’