मुठीएवढे इंजिन थंड कसे राहते?

विमानाच्या नमुन्यात बसवावयाचे हे इंजिन मुठीत मावते. त्याच्या सिलिंडरचे आकारमान १० घनसेंटिमीटर. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेताना ते बरेच तापते. पण मोटारीसारखे त्याला पाणी नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ चकत्या आणि समोरून येणारा वारा, एवढ्यावर त्याला भागवावे लागते.

याला ठिणगी लागत नाही. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी बाजारात आणलेल्या ग्लो प्लगात प्लॅटिनमची बारीक तार असते. आरंभी ती बॅटरीने लाल करावयाची; पुढे मिथेनॉलच्या ज्वलनाने ती आपली आपण तापलेली राहते. म्हणजे थोडा ताप हवाच. तो वाढला की मात्र मिश्रण वेळेआधी पेटते, जोर ओसरतो आणि इंजिन आकाशातच बंद पडते.

आमचे तसेच झाले. चार महिने खपून केलेल्या विमानाचे नाक आम्ही सुबक झाकणाने बंद केले होते. तिसऱ्याच मिनिटाला इंजिन थांबले. वारा कमी पडला असे समजून आम्ही पुढचे भोक मोठे केले. पुन्हा तेच! या वेळी घाईने विमान मैदानाकडे वळवू गेलो, वेग मोडला आणि ते बाभळीत जाऊन पडले. (इंजिन थांबले की नाक किंचित खाली ठेवून समोर जागा मिळेल तेथे उतरवावे, हे आम्हांस बाभळीने शिकविले.)

चूक साधी होती. उन्हाळ्यात वाड्याच्या पुढच्या खिडक्या सताड उघडल्या तरी मागचे दार बंद असेल तर घरात वारा खेळत नाही. झाकणाचेही तसेच आहे. आत आलेली हवा तापून फुगते; तिला बाहेर पडावयास येण्याच्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट वाट हवी, आणि तीही मागे, खालच्या अंगाला. शिवाय हवा मोठी आळशी. मोकळी जागा दिसली की ती चकत्यांना बगल देऊन निघून जाते. म्हणून आतून पातळ लाकडाचे आडोसे लावून तिला सिलिंडरला घासूनच जावयास लावावे.

आता इंधन. मिथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषली जाते, आणि तितक्याच हवेला ते दुपटीहून जास्त लागते. तेव्हा इंधन हेच या इंजिनाचे पाणी! इंधनाची सुई आवळीत गेले की आवाज चढतो, कानाला गोड वाटतो, आणि तेथेच नवशिका फसतो. सुई त्या चढत्या सुरापासून थोडी सैल ठेवावी. मग सोबत्याने विमान घट्ट धरून, हात पंख्यापासून दूर ठेवून, नाक आभाळाकडे करावे. सूर पडला तर सुई आणखी सैल करावी.

इंधनात थोडे एरंडेल असू द्यावे. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान-इंजिनांनाही तेच घालीत. ते तपकिरी थर धरते खरे. पण इंजिन अतिशय तापले तरी धातूला सोडीत नाही.

उडताना मागे धुराची बारीक रेघ दिसली पाहिजे. ती नाहीशी झाली की आम्ही विमान लगेच उतरवितो. नव्या विमानाचे पुढचे भोक मात्र आम्ही पूर्वीपेक्षा लहानच ठेवले आहे.