शांत वाट, पण कुणाची?

परीक्षा संपली की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो, ‘गोव्याला जाऊया का?’ मग बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गाडी पणजीला पोचते. शंभरेक किलोमीटरच्या या प्रवासात आपण खानापूर तालुक्यातलं सगळ्यात सुंदर रान खिडकीतूनच बघतो आणि समुद्र गाठतो. मी खानापूरचा, पण मीही बरीच वर्षं हेच केलं. या लेखात अध्येमध्ये उतरून, एका दिवसात पायी काय बघता येतं ते सांगतो. आणि कुठं जाऊ नये, तेही.

सुरुवात कणकुंबीपासून करा. इथं माउली देवीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. उंची साधारण 790 मीटर. समुद्र पश्चिमेला इतका जवळ असूनही ही नदी पाठ फिरवून पूर्वेकडे निघते. खानापूर, मग सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण, पुढं कूडलसंगमला कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. याच तालुक्यात, भीमगडच्या जंगलातल्या देगावजवळ म्हादई जन्मते. ती मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते.

असं का होतं? सह्याद्रीचा माथा म्हणजे घराच्या छपराचा आढा समजा. आढ्याच्या अलीकडं पडलेलं पाणी एका अंगणात, पलीकडचं दुसऱ्या अंगणात. भूगोलाच्या पुस्तकात याला जलविभाजक म्हणतात. कणकुंबीच्या परिसरात चालताना तुम्ही या आढ्यावरच असता. म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवण्याचा कळसा-भांडुरा वाद इथलाच. 2018 मध्ये लवादाचा निकाल आला, तरी भांडण मिटलं नाही. पेपरात रोज वाचलेला वाद पायाखालच्या ओढ्याच्या रूपात दिसला, की बातमी वेगळी वाटायला लागते.

ज्यांना चढ नको, त्यांनी खानापूरजवळ असोग्याला जावं. मलप्रभेच्या काठी रामलिंगेश्वराचं देऊळ आहे. काठाकाठानं थोडं चाला, बसा. रविवारी मिस्सा आटोपून डबा घेऊन निघालं तरी दिवस पुरतो. इतिहासाची आवड असेल तर हलशी आहे. कदंबांच्या राजधानीचं हे गाव, तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघण्यासारखं आहे.

आता जाऊ नये अशा जागा. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे. गवा आणि अस्वल तिथं खरोखरच आहेत. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. ऑल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि पुढं कितीतरी वर्षं जगात ते फक्त इथंच आहे असं मानलं जायचं. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडलं. झोपलेल्या वटवाघळांवर टॉर्च मारला, आरडाओरडा केला, तर ती जागा सोडतात. तेव्हा या गुहांचा ‘रील’ न करणं हीच आपली मदत. धबधब्यांवर पावसाळ्यात वनखातं बंदी घालतं, तीही पाळावी.

हे सगळं मी पूर्वी ‘शांत, निवांत वाटा’ म्हणून मित्रांना सांगत होतो. एकदा जांबोटीच्या पुढं एका वाटेवर डोक्यावर पोतं घेतलेले एक मामा भेटले. आम्ही म्हटलं, “मामा, किती शांत आहे हो इथं!” ते हसले. “तुमी फिराय येतासा. आमी ह्याच वाटेनं रेशन आणतो की.”

मग कळलं, की जंगलातल्या काही गावांना पक्का रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही. पावसात ओढे भरले की आजारी माणसाला खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागतं. रस्ता केला तर जंगल तुटतं, नाही केला तर माणूस अडकतो. 2025 मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना भरपाईचे धनादेश देऊन त्यांचं स्थलांतर सुरू झालं. कुणी खुशीनं निघालं असेल, कुणी जड मनानं. आपल्याला आवडणाऱ्या शांततेत त्या गावांची अडचणही मिसळलेली आहे, एवढं चालताना ध्यानात असावं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. सकाळी लवकर निघा, चारच्या आत डांबरी रस्त्यावर या. वनखात्याच्या कचेरीत चौकशी करा, घरी सांगून जा, कारण जांबोटीच्या पुढं बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. चौघांपेक्षा जास्त नको, स्पीकर तर नकोच. प्लॅस्टिक पिशवीतून परत आणा. गावात चहा मिळाला तर पैसे द्या, आणि घाई न करता दोन शब्द बोला.

त्या मामांचं पोतं आम्ही थोडं अंतर आळीपाळीनं उचललं. पंधरा मिनिटांत आमचे खांदे भरून आले. त्यांना अजून दीड तास चालायचं होतं.