कृष्णधवल छायाचित्रात एकच रंग कसा राखावा?

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९९३ मधील 'शिंडलर्स लिस्ट' या बव्हंशी कृष्णधवल चित्रपटात नाझी सैनिक क्राकूव्ह शहरातील ज्यूंची वस्ती रिकामी करीत असताना गर्दीतून एकटीच चालणाऱ्या लहान मुलीचा कोट तेवढा लाल दिसतो. पुढे मृतदेह वाहून नेणाऱ्या गाडीवर तोच लाल रंग पुन्हा दिसतो आणि प्रेक्षकाला काही सांगावे लागत नाही. त्याआधी १९२५ मध्ये सर्गेई आयझेनस्टाईन यांच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या मूकपटातील ध्वज फिल्मवर हाताने लाल रंगविण्यात आला होता. असा परिणाम आता घरच्या संगणकावरही साधता येतो.

कृष्णधवल चित्रात नंतर रंग भरला जातो, असा नवशिक्यांचा समज असतो. सोपी रीत नेमकी उलट आहे. रंग मुळात असतोच. तो हवा तेथे झाकायचा असतो. संगणकावरील चित्राच्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांची ० ते २५५ दरम्यानची मूल्ये असतात. रंग काढला की तिन्ही मूल्ये समान होतात आणि मूळ प्रमाण नाहीसे होते. अशी फाईल जुन्या नावानेच साठविली, तर रंग परत मिळत नाही. प्रस्तुत लेखकाने घरातील एका लग्नाचे छायाचित्र असेच गमावले आहे. म्हणून आधी मूळ फाईलची प्रत करावी.

'गिंप' हे १९९६ पासून विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर या कामास पुरेसे आहे. पावसातील रस्त्यावर लाल छत्री घेतलेल्या व्यक्तीचे छायाचित्र आपल्याजवळ आहे असे समजू. ते उघडून 'डुप्लिकेट लेयर'ने त्याच चित्राचा दुसरा थर तयार करावा. वरच्या थरावर 'कलर्स' मेनूतील 'डीसॅच्युरेट' वापरावे. चित्र कृष्णधवल दिसेल, पण खालचा रंगीत थर शाबूत राहील. आता वरच्या थराला 'ॲड लेयर मास्क' या आज्ञेने पांढरा मास्क जोडावा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की तेथे वरचा थर अदृश्य होऊन खालची लाल छत्री दिसू लागते. हात चुकला तर पांढऱ्या ब्रशने तो भाग पुन्हा झाकता येतो; 'एक्स' ही कळ दाबल्यास काळा व पांढरा यांची अदलाबदल होते. छत्रीऐवजी काळे डाग उमटू लागले, तर मास्कऐवजी चित्रच निवडले गेले आहे असे समजावे. ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होते.

खरी कसोटी कडांची असते. चित्र मोठे करून, लहान व मऊ कडेच्या ब्रशने, सावकाश काम करावे. ओल्या रस्त्यावर छत्रीचे लाल प्रतिबिंब पडले असेल, तर तेही उघडावे. अन्यथा छत्री कापून चिकटविल्यासारखी दिसते.

उरलेल्या भागाच्या करड्या छटाही पाहाव्यात. 'ल्युमिनन्स' पर्यायात उजळपणा ठरविताना हिरव्याला सुमारे ७२, लालला २१ आणि निळ्याला ७ टक्के वजन मिळते, कारण मानवी डोळा हिरव्याबाबत अधिक संवेदनशील असतो. त्यामुळे झाडे उजळ, तर गडद निळे कपडे जवळजवळ काळे दिसू शकतात.

थर व मास्क टिकावेत यासाठी काम 'एक्ससीएफ' स्वरूपात साठवावे आणि इतरांना पाठविण्यासाठी 'एक्स्पोर्ट'ने वेगळी जेपीईजी प्रत काढावी.

घरगुती संग्रह, निमंत्रणपत्रिका किंवा भित्तिपत्रक यांसाठी हा प्रयोग खुशाल करावा. वृत्तछायाचित्रांची गोष्ट वेगळी. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था संपूर्ण छायाचित्र कृष्णधवल करण्यास मुभा देते, परंतु मूळ दृश्य लक्षणीयरीत्या बदलेल असा रंगांतील फेरफार तिच्या नियमांत बसत नाही. गर्दीतील एकाच माणसाचा फेटा रंगीत ठेवला, की वाचकाने कोणाकडे पाहावे हे छायाचित्रकाराने आधीच ठरविलेले असते.