एक कंपनी की सारा देश?

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी कोठे ठेवावी, हा प्रश्न आमच्या अफजलपूरसारख्या तालुक्याच्या गावीही पडतो. कोणी म्हणतो, वीज सर्वांनाच लागते. तेव्हा वीजकंपनीचे समभाग घ्यावेत. कोणी म्हणतो, देशाच्या निर्देशांकावर चालणारा फंड बरा. या दोहोंतील भेद आपण पाहू.

आपल्याकडे घरोघर वीज पुरविणारी जेस्कॉम सरकारी आहे. तिचे समभाग बाजारात मिळत नाहीत. परंतु विजापूर जिल्ह्यात कुडगी येथे २,४०० मेगावॅटचे केंद्र चालविणाऱ्या एनटीपीसीचे समभाग २००४ पासून मिळतात. अशा कंपनीचे गिऱ्हाईक सहसा तुटत नाही. मात्र तिला मनास येईल तसा दर वाढविता येत नाही. तो नियामक आयोग ठरवितो. म्हणून तिच्या नफ्याला जसा आधार असतो, तशी मर्यादाही असते.

निर्देशांक फंडाचे तसे नाही. सेन्सेक्सवरील फंड त्यातील तीसही कंपन्यांत ठरल्या प्रमाणात पैसा गुंतवितो. एक बुडाली तरी इतर तारतात. पण सारा बाजारच खचला तर? २००८ च्या जानेवारीत २०,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८,००० च्या खाली उतरला होता.

जपानने दोन्ही धोके पाहिले. टोकियोला वीज देणारी टेप्को ही निवृत्तांच्या भरवशाची कंपनी होती. मार्च २०११ मध्ये त्सुनामीने तिच्या फुकुशिमा येथील अणुकेंद्राचा घात केला. समभाग कोसळला, लाभांश बंद पडला आणि २०१२ मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात गेली. परंतु निक्केई निर्देशांकालाही १९८९ च्या अखेरचा उच्चांक ओलांडण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षे! साठीच्या माणसाने एवढी वाट कशी पाहावी?

तेव्हा एका कंपनीत धोका अपघाताचा, तर एका देशात दीर्घ मंदीचा. पहिला विभागणीने हलका होतो. दुसरा ज्याच्या हाती अवधी आहे त्यालाच सोसतो. म्हणून तरुणाने दरमहा थोडे थोडे निर्देशांकात घालावे. निवृत्ताने पुढील काही वर्षांचा घरखर्च बँकेत वा टपाल कचेरीत ठेवून मगच उरलेल्या रकमेचा विचार करावा. विहीर एका झऱ्यावर जगते, भीमेला अनेक ओढे मिळतात; परंतु उन्हाळ्यात भीमाही आटते, हे आपण जाणतो. घरातला रांजण आधी भरलेला असावा.